विष-मता

उजव्या हाताची तर्जनी, हळदीच्या कामानं नखाच्या कडेला पिवळी पडलेली. तिच्याखालून एकेक अक्षर सावकाश सरकत जाई आणि अक्षरामागून वच्छलाआत्याचा आवाज येई, जाडसर, संथ, डोक्यावर भरली घागर असलेल्या बाईसारखा तोल सांभाळत चालणारा. बोट थांबलं की आवाज थांबे, आणि त्या थांबण्यात विहाराच्या पत्र्यावर निथळणाऱ्या भाद्रपदाचे थेंब तेवढे ऐकू येत. वर्षावासाच्या त्या तीन महिन्यांत रोज सायंकाळी आमच्याकडे ग्रंथवाचन चाले आणि वाचायला आत्या बसे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. उभा जन्म दुसऱ्यांच्या वावरात निंदणखुरपण करण्यात गेलेला, वाचायला शिकली ती पन्नाशी उलटल्यावर, नातीच्या पाटीवर.

एका वर्षी ग्रंथ लवकर आटोपला, तेव्हा तिनं मला रिसोडहून नवं पुस्तक आणायला सांगितलं. गोष्टींचं आणू का, असं मी विचारलं. "गोष्टी मले येतात," ती म्हणाली, "हे सारं असं काहून हाय, ते लिहेल आन." मी लोकशाही, विषमता आणि सामाजिक न्याय यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, चित्र नाही, पात्र नाही, पानोपानी तळटिपा. तिनं ते मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं, एकही ओळ न गाळता, तळटिपांसकट.

त्या पुस्तकात 'विषमता' हा शब्द एका ओळीच्या शेवटी तुटला होता. 'विष' वरच्या ओळीत, 'मता' खालच्या. आत्याचं बोट विषावर थांबलं, तिनं श्वास घेतला, मग मता वाचलं. ऐकायला समोर बसलेल्या बायांतून जनाबाईनं विचारलं, "मतात विष कोनं कालवलं व बाई?" मी पुढं होऊन सांगितलं की तो एकच शब्द आहे. आत्यानं दोन्ही ओळी पुन्हा न्याहाळल्या आणि म्हणाली, "असन एक. मले तं दोन दिसले." बाया हसल्या, पण शब्द तसाच तुटलेला त्यांच्या तोंडी बसला. पुढं कुणाच्या वावराच्या धुऱ्यावर आपल्याला वेगळ्या पेल्यात चहा आला की त्या एकमेकींकडे बघून म्हणत, विष मता हाय हे.

खरं म्हणजे इथंच सारं थांबलं असतं तर कुणाच्या पोटात दुखलं नसतं. विहारात काय वाचायचं ते वाचा, गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण आश्विन सरला, सोयाबीन घरात आलं, आणि आत्या म्हणू लागली की हे पुस्तक आपल्याच आळीत वाचून काय उपयोग. हे साऱ्याइचं हाय, साऱ्याइच्या जागेत वाचलं पायजे. साऱ्यांची जागा म्हणजे ग्रामपंचायतीच्या इमारतीतली वाचनालयाची खोली. हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, रविवारच्या दुपारी, ती तिथं खुर्चीवर बसून वाचू लागली. आमच्या बाया आल्याच; भाजीची वाडी करणाऱ्या घरांतल्याही दोघीचौघी मेथीच्या जुड्या बांधत दाराशी बसू लागल्या आणि नंतर आत आल्या. एकाच सतरंजीवर. ते दृश्य मी पाहिलं आहे, आणि ते आठवलं की आजही छाती भरून येते.

मग निवडणूक लागली. आमच्या सरपंच बाई आहेत, पण खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात आणि साऱ्या गावाला त्यात वावगं काही दिसत नाही. यजमानांच्या कानी तो तुटका शब्द गेला. एरवी कुणी विचारलं असतं, समजून घेतलं असतं. यांनी तो झेलला आणि गावभर फिरवला. म्हणे वच्छला मतात विष कालवून राह्यली. एका वाचनचुकीचा आरोप झाला, आणि पुढच्या रविवारी खोलीला कुलूप लागलं.

ग्रामसभेत आत्या उभी राहिली. "भाऊ, कुलूप कायले लावलं?"

यजमान मोबाइलमधून मान न काढता म्हणाले, "वच्छलाबाई, तुमाले विहार हाय ना. तिथं वाचा, कोन अडवते?"

"विहार आमचा हाय. ही खोली माही बी हाय आन तुमची बी हाय. म्या इथंच वाचीन."

सभा संपल्याचं जाहीर झालं. सरपंचबाई खाली मान घालून बसल्या होत्या. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. मला त्या दिवशी आला तो राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. पुस्तकातली लोकशाही वाचायला बसलेल्या बाईला बाहेरची लोकशाही खोलीभर जागा देत नाही, आणि वर सौजन्यानं तिला तिच्या आळीचा रस्ता दाखवते.

आत्या त्या बंद खोलीच्या पायरीवर बसून वाचू लागली. फाल्गुन गेला, चैत्र गेला, फरशी भाजणीच्या तव्यासारखी तापे, उन्हाच्या तिरिपेनं अक्षरं पांढरी होत, तरी तिचं बोट चालत राही. वाडीवाल्या बाया हळूहळू येईनाशा झाल्या. त्यांना घरून मनाई झाली. शेवटी जनाबाई आणि मी. पुस्तक थोडंच उरलं होतं. ते आत बसून संपवायचं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि वैशाखात, ते उरलेलं तसंच ठेवून, ती गेली.

शोकसभा ग्रामपंचायतीनं ठेवली, वाचनालयात. ज्यांनी कुलूप घातलं त्यांनीच ते काढलं, खुर्च्या पुसून घेतल्या, तिची तसबीर पुस्तकांच्या कपाटाशेजारी भिंतीवर लावली. वाचनसंस्कृतीवर यजमान छान बोलले. हार घातला, फोटो निघाले. माणसं पांगल्यावर मी म्हटलं, "भाऊ, आता खोली उघडीच राहू द्या."

"पाहू ना," ते म्हणाले, "मीटिंगमधी ठेवू." आणि माझ्यादेखत कडी लावून कुलूप घातलं.

काळ दुःखाची धार बोथट करतो असं म्हणतात, करत असेल. माझ्या वाट्याला आलेला काळ त्या खोलीवरून रोज जातो, आणि रोज एवढंच शिकवतो की जिवंतपणी जिला त्यांनी उरलेली पानं आत वाचू दिली नाहीत, तिची नुसती आठवण उरल्यावर तिला त्यांनी आत घेतलं आणि आम्हां जित्या माणसांना बाहेर ठेवलं.