शिवे, आईला विचार

बन्सीधर आबा आणि त्यांची सून निकिता एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. पण एका घरात राहायचं म्हटल्यावर जेवण झालं का, मोटर बंद केली का, हे विचारावंच लागतं. आधी हे निरोप दारातल्या शेळीमार्फत जायचे. "शेळे, आबांना सांग, भाकरी झालीय," निकिता म्हणायची, आणि आबा शेळीकडं बघत "आलो" म्हणायचे. शिवकन्या जन्मली आणि शेळीची नोकरी गेली. दात यायच्या आधीच पोरीवर घरचा कारभार येऊन पडला.

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई पेटली. निकिताचा नवरा आदिनाथ फौजेत. त्याचा शेवटचा फोन घाईतच झाला. "आमी जुन्या चौकीवरनं हललोत," म्हणताना नव्या ठिकाणाचं नाव त्याच्या तोंडून निसटलं, आणि लगेच तो चपापला. "विसर ते. कुणाला सांगू नको. आबाला तर मुळीच न्हाई!" आणि हसला. फोन बंद झाला तो झालाच. ते हसू निकिता पोरीला पाजताना, पीठ मळताना पुन्हा पुन्हा कानात वाजवून घ्यायची.

इकडं आबांचा भाव मात्र वधारला होता. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात बसायला खुर्ची मिळायची, आणि चहा हातात येण्याआधीच कुणीतरी विचारायचं, "काय म्हणतो आदिनाथ?" आता 'फोनच लागत न्हाई' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? मग आबा कुठून कुठून आलेले व्हिडिओ 'पाणी आलं का' या गावच्या ग्रुपवर ढकलायचे आणि खाली लिहायचे, 'आदिनाथकडून. पक्की खबर.' हा ग्रुप नळाची वेळ कळावी म्हणून निकितानंच काढलेला, त्यामुळं ॲडमिनही तीच. पाणी राहिलं बाजूला, रॉकेटं उडायला लागली.

शेजारच्या लिंबाजीनं एकदा लिहिलं, 'आबा, हे तर आमची पोरं मोबाईलवर खेळतेत ते. कोपऱ्यात गुण दिसायलेत बघा.'

'फौजेचा हिशोब असतोय तो,' आबांनी उत्तर दिलं.

त्या दिवशी निकिता लेकीला म्हणाली, "शिवे, आबांना सांग, त्या व्हिडिओतला शिपाई तीनदा मेला अन् तीनदा उठला."

"आईला सांग," आबा शिवकन्येचा गाल ओढत म्हणाले, "आपला जवान हाय तो. उठणारच."

निकिता पदराआड हसली आणि सोडून दिलं.

पण एका सकाळी तिनं पोरीला मांडीवर घेऊन फोन उघडला आणि तिचं हसू गेलं. आबांनी आदिनाथचा फोटो टाकला होता. वर्दीतला, बंदूक घेतलेला. मागं चौकीची पाटी, तिच्यावरचं नाव स्वच्छ वाचता येईल असं. खाली ओळ: 'आमचा वाघ या चौकीवर हाय.'

तिचा अंगठा अडला. सासऱ्याचं बोलणं सुनेनं पुसायचं, तेही गावासमोर? शिवकन्येनं पाय झाडला. निकितानं डोळे मिटून फोटो काढून टाकला. ग्रुपवर ओळ उमटली: ॲडमिन निकिता यांनी हा मेसेज डिलीट केला.

लिंबाजी टपूनच होता. 'आबा, सुनबाईनं तुमचा वाघ उडवला!'

आबा फाट्यावरून घरी आले ते चपला न काढताच. सासूबाई मनकर्णाबाई शेंगा निवडत बसल्या होत्या, त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"शिवे, तुझ्या आईला विचार," आबा गरजले, "लेकाचा फोटो टाकायचा बापाला हक हाय का न्हाई? भर हॉटेलात लोक हसायलेत माझ्यावर!"

"शिवे, आबांना सांग, फोटोत चौकीचं नाव दिसायलंय. ते कुणाच्याबी हातात पडंल."

"सांग तिला, गावचाच ग्रुप हाय! गावाबाहेर कोण बघायलंय?"

शिवकन्या दोघांकडं आळीपाळीनं बघून टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात आबांचा फोन वाजला. राणीसावरगावाहून मेव्हणा आश्रुबा. त्याचा आवाज असा की फोन कानाला लावायची गरजच नव्हती.

"दाजी, आदिनाथचा फोटो आलाय आमच्या ग्रुपवर! त्या चौकीवर हल्ला झाला म्हणायलेत. कुणाचाच पत्ता न्हाई!"

मनकर्णाबाईंच्या हातातली शेंग खाली पडली.

"कोण म्हणतं?" आबा ओरडले.

"खबर पक्की हाय, दाजी. खुद्द पोराच्या बापानं सांगितलंय असं लिहिलंय."

"आरं, बाप मीच हाय की!"

"मग खरंच हाय म्हणा," आश्रुबा रडायलाच लागला.

आबांनी फोन खाली ठेवला. मग खाटेवर बसले आणि आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. शिवकन्येकडं न बघता त्यांनी सरळ सुनेकडं पाहिलं.

"निकिता. पोरी, पोरगं बरं हाय ना?"

"मला ठाऊक न्हाई, आबा. पण ही खबर तिकडून आलेली न्हाई. तुमच्यापासनंच निघाली अन् वाटेत वाढली. अन् फोटो जुना हाय. हे आता तिथं न्हाईत."

"मग कुठं—" आबांनी विचारलं आणि स्वतःच हात वर केला. "नको. मला सांगू नको. माझ्या तोंडाला कवाड न्हाई."

मनकर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "लग्न झाल्यापासनं हेच सांगायले मी."

आबांनी आधी आश्रुबाला परत फोन लावून गप्प केलं. मग ग्रुपवर बोलून संदेश धाडला. एरवीचा खणखणीत आवाज त्यात नव्हता. "मी बन्सीधर. आदिनाथनं मला काहीबी पाठवलेलं न्हाई. त्याचा फोनच लागत न्हाई. हल्ल्याची खबर खोटी हाय. फोटो जिथं जिथं पाठवलाय, तिथनं काढा. हात जोडतो." आबा पुढं काही दिवस फाट्यावर फिरकले नाहीत.

मग आदिनाथचा फोन आला. आबांनी तो हातात घेतला, गळा साफ केला आणि 'कुठं हाय' सोडून सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात कुणीतरी छेडलंच, "मग, कुठं हाय म्हणतो वाघ?"

"बरा हाय," आबा म्हणाले. "भोपळ्याची भाजी खाऊन कटाळलाय." आणि बशी तोंडाला लावली.

रीत पुन्हा सुरू झाली, पण जराशी बदलून. आता नवा व्हिडिओ आला की आबा फोन नातीपुढं धरतात.

"शिवे, आईला विचार, हे पुढं धाडू का?"

आणि निकिता येईपर्यंत शिवकन्येनं तो फोन तोंडात घातलेला असतो.