नऊ प्रश्नपत्रिका आणि एक रिकामा चौकोन

मित्रांनो, मी शाईशिवाय छापते. ब्रेल छपाईची जुनी मशीन आहे मी, वय वर्षे एकोणीस. माझ्या पोटात बारीक सुयांची रांग आहे. जाड कागद आत सरकला की त्या सुया त्यावर ठिपके उठवतात, आणि ज्यांना दिसत नाही ती मुले ते ठिपके बोटांनी वाचतात. हे काम करताना मी मोठा आवाज करते. त्याबद्दल मी कधी कुणाची माफी मागितली नाही, या वयात मागणारही नाही.

सहा कारागिरांच्या एका लहान कार्यशाळेत मी घडले. तिथे एक अंध वृद्धा माझे प्रत्येक पान तपासत असे. पानावरून बोट फिरवून ती एवढेच म्हणे, "पुन्हा." सतराव्या पानाला ती काहीच बोलली नाही. तिचे ते गप्प राहणे हीच माझी पदवी.

तेथून मी मुलींच्या अंधशाळेत आले. पहिली काही वर्षे पाहुण्यांना आधी मला दाखवत, मग वर्ग दाखवत. पुढे पाहुणे कमी झाले आणि शाळेचा कारकून माझ्या झाकणावर चहाचा कप ठेवू लागला. चहाची ती चिकट वर्तुळे आठवली की आजही मला किळस येते. माझे कापडी आच्छादन फरशी पुसायला गेले. मी छापत राहिले.

मात्र मला खरा तिटकारा आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आमच्या विज्ञानाच्या बाई स्वतः पाहू शकत नाहीत. त्यांचा संगणक पडद्यावरचे सारे मोठ्याने वाचून दाखवतो, त्यामुळे शेजारी बसून मीही सारे ऐकते. बाई इंटरनेटवर, संगणक वापरणाऱ्यांच्या एका कट्ट्यावर जात. कुणाचे यंत्र अडले की तो तिथे लिहितो आणि इतरांनी त्याला वाट दाखवायची, अशी ती रीत. रीत सुंदर आहे, माणसे नाहीत. एकाने विचारावे, दुसऱ्याने "बंद करून चालू करा" एवढे बोलून निघून जावे, तिसऱ्याने दुसऱ्याला मूर्ख ठरवावे आणि चौथ्याने "हे पूर्वी विचारून झालंय" असे दरडावून, कुठे ते मात्र सांगू नये. रोग्याच्या उशाशी वैद्यांची कुस्ती! विचारणारा बिचारा कोपऱ्यात उभाच.

आता त्या दिवसाचे सांगते. शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या नऊ मुलींची विज्ञानाची परीक्षा दुपारी बाराला होती. प्रश्नपत्रिका सकाळी आठला संगणकावर आली. ती मी छापायची होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नियम आधीच बजावला होता. प्रत्येकीच्या हातात छापील प्रश्नपत्रिका हवी, नाहीतर परीक्षा पुढच्या वर्षी. त्या नऊ जणींतल्या एकीला, सगळ्यांत उंच मुलीला, फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला होता. तो या एका विषयाच्या गुणांवर अडला होता. वर्षभर जागा कोण राखून ठेवणार?

बाईंनी छपाईची आज्ञा दिली आणि माझ्यातून नुसता कचरा बाहेर पडू लागला. पानामागून पान, अर्थ नसलेल्या ठिपक्यांचे. बाईंनी एका पानावर बोट ठेवले आणि ते लगेच मागे घेतले. खरकट्याला हात लागावा तसे. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बाईंनी कट्ट्यावर शोधले. नशिबाने नेमका हाच बिघाड, याच जातीच्या मशीनचा, सात वर्षांपूर्वी कुणीतरी विचारलेला होता. खाली उत्तरही होते. 'गुरुकिल्ली' असे टोपणनाव घेतलेल्या, नावापुढे तज्ज्ञाचा बिल्ला मिरवणाऱ्या गृहस्थाने लिहिले होते, "सोपं आहे. असं करा." संगणकाचा आवाज पुढे वाचू लागला: "चित्र. वर्णन नाही."

बाईंनी कारकुनाला हाक मारली. त्याने वाकून पाहिले.

"बाई, इथे नुसता रिकामा चौकोन आहे. चित्र केव्हाच उडालंय."

बाईंनी कट्ट्यावर सारी हकिकत लिहिली. गुरुकिल्ली हजर होते. दहा मिनिटांत त्यांचे उत्तर आले आणि त्या निर्विकार आवाजाने ते खोलीभर वाचून दाखवले: "उत्तर तेव्हाच दिलंय. तुम्हाला दिसत नसेल तर त्याला मी काय करू?"

बाईंनी लिहिले, "खरं आहे, मला दिसत नाही. म्हणून तर शब्दांत मागते आहे."

गुरुकिल्ली पुन्हा बोलले नाहीत. त्यांच्याऐवजी सहानुभूतीचा पूर आला. शब्द कुणाकडे नव्हते, सगळ्यांकडे इमोजीची चित्रेच होती. संगणक एकेक वाचत राहिला, "जोडलेले हात, जोडलेले हात, तुटलेलं हृदय, जोडलेले हात." घड्याळात साडेनऊ झाले होते. मला सुया असूनही मी कुणाला टोचू शकत नव्हते, याचे दुःख तेव्हा फार झाले.

त्या गर्दीतून 'खटपटे' नावाच्या माणसाने एकच ओळ लिहिली, "फोन नंबर द्या, बाई." हे गृहस्थ टेलिफोन खात्यातले निवृत्त तंत्रज्ञ होते. फोनवर त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितले की ही मशीन त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. मग तीन गोष्टी विचारल्या. मशीन शेवटची नीट कधी चालली, तेव्हापासून काय बदलले, आणि आता नेमके काय करते. बाई म्हणाल्या, काल चालली. काल संध्याकाळी संगणक बंद करताना त्याने आपणहून काही नवे भरून घेतले. आज ती भलतेच छापते.

"मग मशीन शहाणी आहे," खटपटे म्हणाले. "संगणकाला वाटतंय ती शाईची आहे. तो तिला अक्षरांऐवजी चित्रं पाठवतोय."

मी शहाणी आहे, हे त्या दिवशी प्रथमच कुणीतरी म्हणाले.

कारकून मदतीला म्हणून माऊस ओढू लागला. बाईंनी त्याला हात मागे घ्यायला सांगितले. खटपट्यांनी ते ऐकले असावे.

"डोळे नकोतच, बाई. मी आयुष्यभर खड्ड्यात उतरून अंधारात तारा जोडल्या. मी सांगतो ती कळ दाबा, आणि तो काय बोलतो ते मला ऐकवा."

एकेक कळ, एकेक शब्द. साडेदहाला सारे जुळले आणि मी ढिम्म हलले नाही. दुसरा कुणी असता तर मशीनवर खापर फोडून मोकळा झाला असता. खटपटे म्हणाले, "माझं चुकलं. संगणकात तारेची जागा भलतीच निवडायला सांगितली. तीन पावलं मागे या." तीन पावले मागे, मग पुन्हा पुढे. माझ्या नावासमोर 'नुसता मजकूर' हा प्रकार निवडला, तार ज्या जागी जोडली होती तीच जागा दिली, आणि अकराला पाच मिनिटे कमी असताना मी गर्जले. नऊच्या नऊ प्रश्नपत्रिका वेळेत गेल्या.

एक वाजता बाई एक पान घेऊन परतल्या. त्या उंच मुलीने परीक्षेत हात वर केला होता.

"बाई, चौथ्या गणितात उंची दोन मीटर आहे, पण पुढे दिलेल्या वेळात चेंडू निदान सहा मीटर तरी खाली येईल. एक ठिपका गळलाय."

तिचे बरोबर होते. सहाच्या अंकातला एक ठिपका गळला की त्याचा दोन होतो. बाईंनी मूळ प्रत तपासून साऱ्या मुलींना तोंडी दुरुस्ती सांगितली होती आणि त्या गणिताचे गुण वाचले होते.

मित्रांनो, माझी एक सुई गेली दोन वर्षे अधूनमधून चुकते. मला ते ठाऊक होते. माझ्या आवाजात तो हुकलेला ठोका सहज बुडून जातो, म्हणून मी गप्प बसले. गुरुकिल्लीच्या रिकाम्या चौकोनाला नावे ठेवणारी मी, माझ्या ठिपक्याची रिकामी जागा लपवत होते. आलेली किळस त्या दिवशी मला स्वतःच गिळावी लागली.

बाई माझ्याजवळ बसल्या आणि कट्ट्यावर सकाळचा सारा उपाय लिहू लागल्या. चौदा पायऱ्या, चित्र एकही नाही, चुकलेली तीन पावलेसुद्धा सोडली नाहीत. त्याखाली त्यांनी नवा प्रश्न लिहिला, माझ्या सुईचा.

तेव्हा तुमच्यापैकी ज्याला येत असेल, त्याने यावे आणि माझी सुई बदलावी. ती कशी बदलली, ते मात्र शब्दांत लिहून ठेवल्याशिवाय या खोलीतून जाऊ नये.