जुना आकडा चालणार नाही

बातम्यांत डोंगरांचा नकाशा दाखवत होते, त्यातलं एक खोरं लाल रंगवलेलं. भावजींनी ताट पुढे ओढलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

"वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला? तिकडे पेटलंय!"

"पेटलंय ते पलीकडच्या खोऱ्यात. मला जायचंय ते अलीकडच्या."

"आग काय नकाशा बघून पसरते?"

सगळे हसले आणि मग सगळेच बोलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, एवढं पेटलंय तर राहू दे बाई. नवरा म्हणाला, पेटलेलं असताना कशाला जायचं. मी पाणी प्यायले.

मी कर्करोगाच्या रुग्णालयात काम करते. किरणोपचाराच्या मशीनमधून ठरवले तेवढेच किरण पडतात की नाही, हे मोजणं माझं काम. अलीकडच्या खोऱ्यात एक लहान रुग्णालय आहे, त्यांच्याकडे असं एकच मशीन. त्यांचा मोजणीतज्ज्ञ पलीकडे गोळीबार सुरू झाल्यावर बायकोमुलांना घेऊन गाव सोडून गेला. त्यानंतर मशीनचा एक भाग बिघडला आणि नवा बसवावा लागला. नवा भाग बसला की सगळं पुन्हा मोजायचं आणि आलेला नवा आकडा मशीनला द्यायचा. तोवर कुणालाही मशीनखाली घ्यायचं नाही. उपचार अर्ध्यावर राहिलेले लोक तिथं रोज येऊन बाकावर बसतात. खंड पडला की गाठ पुन्हा वाढू लागते. गाठ बातम्या बघत नाही.

तिथं मशीन चालवणाऱ्या मुलीचा सकाळीच फोन आला होता.

"ताई, मोठे डॉक्टर म्हणतात, जुन्याच आकड्यावर चालू कर. असून असून किती फरक असणार?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, किती ते मोजल्यावर सांगते. मी बटण दाबणार नाही. पण लवकर या हं. बाकावरचे सगळे माझ्याकडेच बघत बसतात."

आमच्या साहेबांनी मात्र हात वर केले. "जाऊ नका असा आदेश नाही. सल्ला आहे."

"मग सल्ला ऐकला. आपलं मोजायचं यंत्र नेऊ?"

"यंत्र संस्थेचं आहे, बाई. त्याला काही झालं म्हणजे?"

"आणि मला?"

चष्मा पुसत साहेब म्हणाले, "त्यांना तात्पुरता जुना आकडा वापरू दे ना."

"तुमच्या घरातलं कुणी त्या बाकावर असतं, तर वापरू दिला असता?"

त्यांनी यंत्राच्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, नुसती ठेवली. मी उचलली.

घरचं एवढ्यात मिटणारं नव्हतं. पण त्या जेवणात मला एक गोष्ट खटकली होती. आमच्याकडे शिस्त अशी की दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि पहिल्याने आपला आकडा दुसऱ्याला सांगायचा नाही. आकडा आधी कानावर पडला की डोळे तोच शोधतात. भावजींनी 'पेटलंय' म्हटलं आणि बाकीच्या दोघांनी तोच शब्द उचलला. म्हणजे तीन मतं नव्हतीच, एकच तीनदा वाचलं गेलं. तेव्हा ठरवलं, प्रत्येकाला एकेकटं गाठायचं.

भावजींचं फरशांचं दुकान आहे. मी गेले तेव्हा एका छोट्या ट्रकमध्ये खोकी चढवत होते.

"हा माल कुठं चाललाय?"

ते घुटमळले. "तिकडेच. अलीकडच्या खोऱ्यात."

"पेटलंय ना तिकडे?"

"अहो वहिनी, ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. त्याला सवय आहे."

"त्याला काय, गोळी ओळखते?"

ड्रायव्हर मागे उभा राहून खो-खो हसला. भावजी ओशाळले. मग खरी माहिती बाहेर आली: दिवसा रस्ता चालू असतो, पुलापाशी तपासणी होते, अंधार पडायच्या आत पोचायचं. नकाशा त्यांनीही आजवर नीट पाहिला नव्हता. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता; ड्रायव्हरशेजारी मी जागा मागून ठेवली.

सासूबाई स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. मी समोर बसून एक जुडी ओढली.

"विचारायला आलीस की सांगायला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"विचारायला."

"मग जा." देठ मोडून त्यांनी बाजूला टाकला. "माझे किरण चालू होते तेव्हा मध्येच सलग सुट्ट्या आल्या होत्या, आठवतं? तुम्ही सगळे म्हणत होतात, छान विश्रांती मिळाली. माझा जीव टांगणीला लागला होता. कुणाला बोलले नाही." मग माझ्या हातातली जुडी काढून घेतली. "कोवळी पानं फेकतेस बघ. आणि हे सगळ्यांसमोर विचारू नकोस. सगळ्यांसमोर मी नकोच म्हणणार."

राहिला नवरा. तो गच्चीत कपडे वाळत घालत होता.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"कारण?"

"कारण काय द्यायचं? भीती वाटते मला."

त्याने जेवतानाही नको म्हटलं होतं आणि आताही नको म्हणत होता. पण आता शब्द त्याचे स्वतःचे होते. दोन मोजण्या जुळल्या नाहीत तर आम्ही त्यांची सरासरी काढत नाही. का जुळत नाहीत ते शोधतो. मी बादलीतली चादर उचलली आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"कशाची भीती? गोळीबाराची?"

त्याने चादर जोरात झटकली. "तुझी. रस्ता बंद झाला तर शहाणी माणसं परत फिरतात. तू फिरणार नाहीस. काम अर्धवट सोडायचं म्हटलं की तुझं डोकं फिरतं."

हे मात्र खरं होतं. इतकं खरं की मला राग आला.

"ड्रायव्हर परत म्हणाला तर परत," मी शेवटी म्हणाले. "वाद घालणार नाही."

"शप्पथ?"

"शपथ कशाला? ड्रायव्हरला सांगून ठेव तू. माझं नाहीतरी कोण ऐकतं."

"जाऊ नकोस हे माझं अजून तेच आहे हं," तो म्हणाला. पण सकाळी यंत्राची पेटी त्यानेच खाली आणली आणि ड्रायव्हरला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी बजावलं.

फरशांच्या खोक्यांपुढे, पेटी मांडीवर घेऊन मी निघाले. पुलापाशी एका जवानाने पेटी उघडायला लावली.

"हे काय?"

"किरण मोजायचं यंत्र. दवाखान्यासाठी."

"सगळे इकडून निघतायत आणि तुम्ही चाललात?"

"दवाखाना इकडेच आहे ना."

त्याने ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी शब्दाप्रमाणे तोंड बंद ठेवलं, जड गेलं. "चला," ड्रायव्हर म्हणाला आणि जवानाने अडथळा वर केला.

रुग्णालयाच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणी काही विचारलं नाही, फक्त पाय आत घेऊन पेटीला वाट दिली. मशीनखाली, माणसाच्या अंगाच्या जागी, पाण्याची टाकी भरली, पाणी खोलीइतकं कोमट होईपर्यंत थांबले आणि मोजलं. मग मांडलेलं सगळं मोडून बाहेर आले. मुलगी आत गेली. तिने पहिल्यापासून पुन्हा मांडलं आणि मोजलं. मोठे डॉक्टर दारात घड्याळ बघत उभे होते.

"तुमचा किती आला?" त्यांनी मला विचारलं.

"तिचा झाल्यावर सांगते."

ती बाहेर आली. आम्ही आपापल्या आकड्याचे कागद एकाच वेळी उलटवले. दोन्ही आकडे जुळत होते. जुन्याशी मात्र एकही जुळत नव्हता. जुन्या आकड्यावर मशीन चालवलं असतं तर बाकावरच्या प्रत्येकाला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त किरण बसले असते.

डॉक्टरांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले. "मला वाटलं होतं, थोडाफार..." ते म्हणाले.

मुलीने नवा आकडा मशीनला दिला. मी तो तपासला. मग तिने दार उघडून बाकावरच्या पहिल्या बाईंना हाक मारली.

"या काकू," ती म्हणाली. "आता दाबते बटण."