भरल्या गालांचा मुखवटा

मी बोलतोय खरा, पण हे तोंड माझं नाही. ते एका फोटोवाल्यांचं आहे. कॅन्सरवर रेडिएशन देताना चेहऱ्यावर लावतात ना, तो जाळीचा मुखवटा मी.

जन्मलो तेव्हा मी नुसता सपाट, भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा तुकडा होतो. गरम पाण्यात मऊ पडलो आणि तंत्रज्ञांनी मला फोटोवाल्यांच्या तोंडावर ताणून टेबलाला अडकवलं. त्यांच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. किरण देताना डोकं जराही हलू नये, म्हणून माझी नेमणूक. त्यांचे भरलेले गाल, ताठ हनुवटी, सगळं मी जसंच्या तसं उचललं. भलताच खूश होतो मी स्वतःवर.

मग मला लावूनच त्यांचा एमआरआय झाला. त्या बोगद्यात नुसती ठोकाठोक. भीतीनं त्यांचा श्वास माझ्या भोकांतून भराभर ये-जा करत होता. मी आपला घट्ट धरून राहिलो.

आजार कळला तेव्हा दुसरीकडे काढलेला एक एमआरआय आधीच होता. गाठीची कड त्यात अधिक स्पष्ट होती. दोन्ही स्कॅन एकावर एक बसवायचे आणि मग किरण कुठं पडायला हवेत ते आखायचं, हे फिजिसिस्ट बाईंचं काम. मी त्यांच्यामागच्या फळीवरून बघत होतो. कवटीवर कवटी बसली, मणक्यावर मणका बसला, पण हनुवटी काही केल्या बसेना. जीभ एका स्कॅनमध्ये एकीकडे, दुसऱ्यात भलतीकडे.

"डोकं जुळलंय ना? जबडा थोडा हलतोच," शेजारचा सहकारी म्हणाला.

बाईंचं समाधान होईना. तेवढ्या फरकानं गाठीची एक कड सुटली असती आणि किरण चांगल्या लाळग्रंथीवर पडले असते. माझा तर जीव टांगणीला लागला. धरून ठेवायचं काम माझं. मीच कुठं ढिला पडलो होतो की काय?

तेवढ्यात बाईंना हिरडीलगत एक काळी पट्टी दिसली. जुन्या स्कॅनमध्ये ती नव्हती. मला उचलून त्या तडक बाहेर गेल्या. बाकावर फोटोवाले बसले होते, शेजारी त्यांची सून. स्कॅनच्या वेळी तोंडात कवळी वगैरे होती का, असं बाईंनी विचारलं.

"छे, दात माझेच आहेत," फोटोवाले म्हणाले. मला बनवतानाही त्यांनी हेच सांगितलं होतं. जन्मभर लोकांना 'जरा हसा' म्हणत आलेला माणूस, स्वतःच्या हसण्याला फार जपायचा.

बाई परत वळल्या. 'अजून एकदा विचारा' असं मला ओरडावंसं वाटलं, पण ओठांच्या जागी नुसती भोकं.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "मी घरात आले त्याच आठवड्यात बेसिनवरच्या डबीत कवळी बघितली होती. तुम्हाला अवघडेल म्हणून बोलले नाही."

फोटोवाल्यांनी खिशातला रुमाल तोंडाशी धरला. मग रुमालाआड त्यांनी कवळी काढली. गाल आत गेले, हनुवटी वर सरकली. पहिल्या स्कॅनला ते एकटेच गेले होते, तेव्हा घाबरून ती काढून ठेवली होती. इथं सून दाराशी उभी होती, म्हणून काढली नाही. एवढंच कारण.

बाईंनी मला त्यांच्या चेहऱ्याला लावून पाहिलं. गालाशी बोट जाईल एवढी फट राहिली. कवळीशिवाय नवा मुखवटा करायचा आणि स्कॅनही नव्यानं काढायचा, असं ठरलं. मी बाद झालो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण नवा स्कॅन जुन्यावर बसला आणि हनुवटीवर हनुवटी आली, हे सुनेनं घरी सांगितलं तेव्हा मी सुटलो. मला तिनंच दवाखान्यातून मागून घेतलं आणि घरी आणलं होतं.

आता मी फोटो स्टुडिओच्या खिडकीत असतो. उपचार संपलेत. गाठ गेली का, ते उद्याच्या स्कॅनमध्ये कळेल. भीतीनं मला काही सुचत नाही. तुमच्यावर कधी त्या टेबलावर झोपायची वेळ आली, तर तोंडात जे आहे ते सांगून टाका बाबांनो. तुम्ही दाखवाल तोच चेहरा आम्ही धरतो, आम्हाला दुसरं कळत नाही.

आज दुपारी फोटोवाले स्टुडिओत आले. तोंड अजून सोललेलं आहे, कवळी लावता येत नाही. सुनेनं कॅमेरा उचलला.

"बाबा, जरा हसा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. माझ्या भरल्या गालांकडे एकदा पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे वळून ते बोळक्या तोंडानं हसले.