मुंग्यांवरचा लेख

मित्रांनो, बटण दाबले की आधी खोकणारे आणि मग कसाबसा एक कागद बाहेर टाकणारे विद्यापीठाच्या ग्रंथालयातले झेरॉक्स मशीन म्हणजे मी. नियतकालिकांच्या दालनात, खिडकीशेजारी माझी जागा आहे. आता मी फार थकलो आहे. माझा दिवा मंदावला आहे आणि कागद ओढणारी रबरी चाके पार गुळगुळीत झाली आहेत.

कारखान्यातून नवाकोरा आलो, तेव्हा माझा थाट काय वर्णावा! परीक्षा जवळ आल्या की माझ्यापुढे रांग लागे. कोणी हृदयविकारावरचा लेख आणी, कोणी पुलांवरचा, कोणी जुन्या नाण्यांवरचा. प्रबंध पुरा झाल्यावर एका मुलीने कौतुकाने माझे झाकण थोपटले होते. पुढे बरेचसे लेख संगणकावरच वाचता येऊ लागले. रांग आटली. लोक माझ्या डोक्यावर पिशव्या आणि ओल्या छत्र्या ठेवू लागले. मला भंगारात काढायचे ठरलेच होते, फक्त उचलून न्यायला कोणाला सवड नव्हती.

अशाच एका दुपारी एक लेक आपल्या वडिलांची चाकांची खुर्ची ढकलत आली. वडील शाळेत शिक्षक होते. मेंदूला झटका येऊन त्यांची वाचा गेली होती, उजवा हात लुळा पडला होता. त्यांचे कशातच लक्ष लागत नव्हते.

"बाबांनी तरुणपणी मुंग्यांवर एक लेख लिहिला होता," ती ग्रंथपालांना म्हणाली. "घरातला अंक कधीच गहाळ झाला. वर्ष माहीत नाही, मासिकाचं नावही नाही. आणि विचारायचं तरी कुणाला? डॉक्टर म्हणतात, यांना आता कितपत समजतं कोण जाणे."

ग्रंथपालांनी संगणकावर लेखकाचे नाव घातले. काहीच मिळाले नाही.

"नाव राहू दे. विषय नेमका काय होता? नुसतं मुंग्या म्हटलं तर ढीगभर लेख येतील."

"आमच्या अंगणातलं वारूळ पाण्यात बुडायचं. मुंग्या अंडी घेऊन कुठे जातात, ते बाबा तासन्‌तास बघत बसायचे. आई वैतागून म्हणायची, लग्न मुंग्यांशीच करायचं होतंत!"

ग्रंथपाल हसले आणि 'मुंग्या', 'वारूळ', 'पूर' असे शब्द घालून शोधू लागले. या वेळी लेख सापडला. सूचीत आडनावाचे एक अक्षर चुकले होते, एवढेच. लेख मात्र संगणकावर नव्हता. ग्रंथपालांनी तळघरातून त्या मासिकाचा जाडजूड बांधीव खंड आणला आणि पाने उघडून माझ्या काचेवर ठेवली. बांधणी घट्ट होती. लेक तो खंड दाबायला गेली.

"दाबू नका हो, कणा मोडेल!" ग्रंथपालांनी खंडाची एक बाजू तळहातावर तोलून धरली.

पहिली प्रत फिकी आली. दुसरीत ओळींची टोके काळ्या सावलीत बुडाली. तिसऱ्या वेळी मी होते नव्हते तेवढे बळ एकवटले आणि प्रत स्वच्छ आली.

लेखात वारुळाचे एक चित्र होते; लेकीने ते पान वडिलांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी डाव्या हाताने ते उलटे फिरवले. तिने सुलट केले. त्यांनी पुन्हा उलटे केले, कपाळाला आठ्या घालून.

"बाबांना कळत नाहीये," ती हळूच म्हणाली.

ग्रंथपाल वाकून पाहू लागले. "अहो, थांबा! चित्राखाली मुंग्या वारुळातून वर चढतायत म्हणून लिहिलंय, आणि पान सुलट धरलं तर सगळ्या खाली डोकं करून आहेत. चित्रच उलटं छापलंय!"

वडिलांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. कधीपासून हेच सांगतोय, असा त्यांचा चेहरा होता. लेक रडत रडत हसू लागली.

मित्रांनो, उद्या मला न्यायला आले तरी माझी तक्रार नाही. थकलेल्याला विसावा हवाच. पण जुना खंड उघडाल तेव्हा त्याचा कणा सांभाळा. आणि एखाद्या गप्प माणसाने कागद उलटा धरला, तर सुलटा करायची घाई करू नका. आधी मान वाकवून त्याच्या बाजूने बघा.