खिडकीतली बाही

बसवनगुडीची शेंगांची जत्रा झाली की बेंगळूरला थंडी पडते, असं इंदिराबाईंच्या सासूबाई सांगत, आणि सासूबाईंच्या हयातीत थंडीसुद्धा त्यांच्या धाकात असल्यासारखी वेळेवर येई. शहाण्णव साली मात्र ती जत्रेच्या आठ दिवस आधीच येऊन बसली. कॉटनपेटेतल्या त्या दोन खोल्यांच्या घराला वर मंगळुरी कौलं, खाली लाल ऑक्साइडची जमीन आणि भिंतींना छताजवळ उजेडासाठी ठेवलेली जाळीची भोकं. उन्हाळ्यात या घराचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण एकदा मार्गशीर्ष लागला की पाय जमिनीवर ठेवायची सोय राहत नसे.

इंदिराबाईंनी कंबर कसली. विकत काही आणायचं नाही हे ठरलेलंच होतं. लोक तयार कपडे घालायला लागल्यापासून त्यांचे यजमान गुंडूराव दुकानात मशीनला तेल घालून रस्त्याकडे बघत बसत. पण शिंप्याच्या घरात दुसरं काही नसलं तरी चिंध्या असतात. एका जुन्या पँटीचा पाय कापून त्यांनी त्यात चिंध्या ठासल्या, दोन्ही तोंडं बांधली आणि तो लोड दाराच्या फटीशी आडवा टाकला. कोटाच्या आत घालतात त्या जाड कॅनव्हासचे तुकडे जाळीवर ठोकले. गिऱ्हाइकं शिवायला टाकून न्यायला विसरली होती त्या कपड्यांची गोधडी केली. त्या गोधडीत एक वकील, दोन कारकून आणि एका लग्नाच्या कल्याणमंडपाचा मॅनेजर असे चौघे शेजारी शेजारी शिवले गेले होते, आणि हयातीत कधी पडले नसतील इतके ते आता उपयोगी पडत होते.

राहिली खिडकी.

ही खिडकी दाराला लागूनच होती आणि तिच्या खालच्या चौकटीत काच नव्हती. फुटली नव्हती, मुद्दाम काढलेली होती. मुलगा सुधींद्र बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचा, घरी परतायला त्याला एक वाजायचा. आईबापांची झोपमोड नको म्हणून त्यानंच ती काच काढली. बाहेरून गजांमधून हात घालायचा, कोपरापर्यंत आत घ्यायचा आणि दाराची कडी वर उचलायची. इंदिराबाईंना त्या कडीचा आवाज झोपेतही कळे आणि मगच त्यांना खरी झोप लागे.

सुधींद्र घर सोडून गेल्याला तीन वर्षं झाली होती. भांडण झालं ते एका सदऱ्यावरून. दर दिवाळीला गुंडूराव मुलाला स्वतःच्या हातचा सदरा शिवत. त्या दिवाळीलाही शिवून, इस्त्री करून खुंटीला लावला होता. आणि चिरंजीव आले ते पहिल्या बोनसमधून घेतलेला निळ्या चौकडीचा, पूर्ण बाह्यांचा तयार सदरा घालून. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर म्हणाला असता, छान दिसतोय. पण ज्याचं दुकान असल्या सदऱ्यांनी बसवलं, त्या शिंप्याला तो सदरा पोराच्या अंगावर नव्हे, आपल्या उरावर आल्यासारखा वाटला. कॉलर नीट बसली नाही, जरा पाठ कर, असं म्हणून गुंडूरावांनी मोठी कात्री घेतली आणि मागून कॉलरपासून खालपर्यंत सदरा उभा फाडला. फाटका सदरा सुधींद्रनं काढून मशीनवर ठेवला, जुनं स्वेटर चढवलं आणि गेला. काही दिवसांनी कळलं की कारखानाही सोडला. कुणी म्हणे होसूरला दिसला, कुणी म्हणे सुरतेला आहे. पत्र कधी आलं नाही, आणि गुंडूरावांनी त्या दिवसापासून त्याचं नाव घेतलं नाही.

गुंडूरावांची खाट नेमकी त्या खिडकीखाली होती. त्यांची छाती आधीच अधू, त्यात त्या वर्षीच्या वाऱ्यानं त्यांना दम्यानं गाठलं. चार पावलं चालले की त्यांना भिंत धरावी लागे. कृष्णमूर्ती डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं की औषधापेक्षा ती खिडकी बंद करा. खाट हलवायला जागा नव्हती. एका अंगाला शिवणयंत्र, दुसऱ्या अंगाला कपाट, आणि स्वयंपाकघरात ताट मांडलं की माणूस मावत नसे. काच बसवायला मोठा खर्चही नव्हता. शेजारच्या पद्मावती तर आपल्या घरची जुनी काच फुकट द्यायला निघाल्या.

इंदिराबाई नको म्हणाल्या. सगळ्या घराच्या फटी बुजवणारी बाई, पण त्या एका भोकापाशी अडून बसली. पद्मावतींनी समजावलं. अक्का, तुमचे यजमान महत्त्वाचे की ते भोक? पोरगा आलाच तर दार वाजवील.

"तो दार वाजवायचा नाही," इंदिराबाई म्हणाल्या. "हात घालून बघेल. काच लागली की म्हणेल, यांनी मला बंद केलं. तसाच परत जाईल. माझ्या पोटचा आहे, मला माहीत आहे."

हे बोलणं चाललं असताना गुंडूराव खाटेवर डोळे मिटून पडले होते. ते झोपले आहेत असं दोघींनाही वाटलं.

एकीकडे नवऱ्याचा दमा आणि दुसरीकडे पोराची वाट. इंदिराबाईंना स्वतःचीच चीड यायची. नवऱ्याची छाती घरघरायला लागली की त्या उठून चौकटीला वर्तमानपत्र लावत, आणि थोड्या वेळानं स्वतःच काढून टाकत. त्यांना दोघंही हवे होते आणि भोक एकच होतं.

दोन दिवसांनी गुंडूरावांनी घरचं मशीन उघडलं. खिडकीची चौकट टेपनं मापली, मग दुसऱ्यांदा मापली. इंदिराबाई काय करताय म्हणून विचारायला गेल्या तर स्वयंपाकघरात जा म्हणाले. दुपारभर खोकत खोकत त्यांचं मशीन चालू होतं. संध्याकाळी त्यांनी चौकटीत एक जाड गादीसारखं आवरण बसवलं. चारी बाजूंना पट्टी होती आणि गजांना बांधायला नाड्या होत्या. शेवटी बंद केलंच, असं इंदिराबाईंना वाटलं.

"बाहेर जा," गुंडूराव म्हणाले. "दार मी आतून लावतो. हात घालून बघ."

इंदिराबाई बाहेर गेल्या. आवरणाला मधोमध गोल तोंड ठेवलं होतं. त्यांनी हात आत सरकवला. कापड मऊ होतं, आणि हात एका नळीतून जावा तसा पुढे पुढे गेला, कोपरापर्यंत गेला आणि कडीला लागला. त्यांनी कडी उचलली. दार उघडलं.

आत येऊन त्यांनी बघितलं. आवरणाच्या आतल्या अंगाला एक बाही लोंबत होती. निळ्या चौकडीची, पूर्ण लांबीची, पुढे कफ असलेली. कफाचं बटण गुंडूरावांनी थोडं सरकवून लावलं होतं. बटण लावलं की कफाचं तोंड पूर्ण मिटे आणि वारा आत येत नसे. काढलं की हात यायला वाट मोकळी. तो सदरा चिंध्यांत गेला असं इंदिराबाई तीन वर्षं धरून चालल्या होत्या. तो कपाटात कुठे होता, कशाखाली होता, त्यांनी विचारलं नाही.

गुंडूराव खाटेवर बसले होते. दम लागला होता, म्हणून एकेक शब्द सुटा येत होता.

"शिलाई चांगली आहे गं याची," ते म्हणाले. "मी तेव्हा बघितलीच नव्हती."

इंदिराबाईंना रडू आवरलं नाही. तीन वर्षं त्या या माणसाला मनातल्या मनात बोल लावत आल्या होत्या, आणि हा माणूस तीन वर्षं थंडी-पावसात त्याच खिडकीखाली झोपत होता. जागा नाही म्हणून झोपतो, असं त्या समजत होत्या.

मग एक गंमत सुरू झाली, जर तिला गंमत म्हणायचं तर. इंदिराबाई दिवेलागणीला कफाचं बटण लावत. आता त्यांना नवऱ्याच्या छातीची काळजी जास्त होती. पोराची वाट त्या दिवसभर बघत, रात्रीपुरती बंद केली तर काय बिघडलं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. सकाळी उठून बघावं तर बटण काढलेलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं आपणच विसरलो. दुसऱ्या दिवशी नीट लावलं, तिसऱ्या दिवशी ओढून बघितलं. सकाळी ते पुन्हा उघडंच, आणि वाऱ्यानं बाही हात घातल्यासारखी फुगलेली.

चौथ्या दिवशी चहा देताना त्या म्हणाल्या, बटण सैल झालंय वाटतं.

"हां," गुंडूराव कपात बघत म्हणाले. "काज स्वल्प मोठं पडलं माझ्या हातून."

चाळीस वर्षांत या माणसानं एक काज मोठं पाडलं नव्हतं, आणि पाडलं असतं तरी कबूल केलं नसतं. इंदिराबाई सरी, बरं म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. रोज संध्याकाळी बटण लावायचं, रोज सकाळी ते सुटलेलं बघायचं. संसारात इतकी वर्षं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते असं झालं.

संक्रांतीच्या आधी थंडी वाढली. अवरेकाईच्या शेंगा सोलत बसलेले असताना गुंडूरावांना जोराची ढास लागली ती थांबलीच नाही. कृष्णमूर्ती डॉक्टर आले, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी गुंडूराव गेले. सुधींद्रला कळवायचं तर कुठे कळवायचं, म्हणून पुतण्यानं अग्नी दिला.

तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. दार सतत उघडं, त्यामुळे खिडकीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. चौदाव्या दिवशी सगळे आपापल्या गावी गेले. इंदिराबाईंनी दिवा लावला, हात जोडले आणि सवयीनं कफाचं बटण लावलं.

सकाळी त्या उठल्या. बटण होतं तसंच लावलेलं होतं.

यजमानांना नेलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, तेराव्याला रडल्या नव्हत्या. त्या बटणापाशी त्या खाली बसल्या आणि तोंडात पदर घालून रडल्या. आपण ती बाही शिवूनच टाकली असती तर हा माणूस वाचला असता का, हे त्यांनी स्वतःला विचारलं. आणि शिवून टाकली असती तर त्याच माणसानं आपल्याला कधी माफ केलं असतं का, हेही विचारलं. पद्मावती चहा घेऊन आल्या तेव्हा त्या तशाच बसून होत्या.

थंडी अजून पंधरा दिवस होती. त्या संध्याकाळी इंदिराबाईंनी बटण काढलं, बाही हातानं सरळ केली, आणि वकील, कारकून, मॅनेजर सगळ्यांना अंगावर ओढून त्या खिडकीखालच्या खाटेवर झोपल्या.