दीड तासाचं विमान आणि मी

मी एक जुनी जीप आहे, सुरगाण्याच्या स्टँडवरची. रंग उडालाय, मागचं दार दोरीने बांधलंय, पण एका जागी उभं राहणं मला अजून जमत नाही. इंजिन तापलं की माझी चाकं नुसती शिवशिवतात. आणि नशीब बघा, मित्रांनो, अर्धा जन्म उभं राहण्यातच गेला. आमच्याकडे जीप घड्याळावर सुटत नाही, भरली की सुटते. बारा शीटं झाल्याशिवाय माझा मालक बारकू चावीला हात लावत नाही.

नवी होते तेव्हा त्याने माझ्यापुढे नारळ फोडला होता. बाळंतिणी, नवरदेव, नागलीची पोती, सगळं मी घाटातून नेलं-आणलं. "बारकूची जीप म्हंजी भरवशाची," असं लोक म्हणत. आता चकचकीत गाड्या आल्या आणि मला कोणी विचारेना. तरी त्या दिवशी स्नेहल माझ्यातच बसली.

स्नेहल म्हणजे आमच्या पाड्यावरची पहिली नर्स. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हैदराबादच्या दवाखान्यात हजर झाली नाही, तर नोकरी दुसरीला जाणार होती. दुपारी अडीचचं विमान, ओझरहून. ती सकाळी नऊलाच येऊन बसली. वणीची शीटं उतरवून तिला पुढे ओझरला सोडायचं, असं बारकूने कबूल केलं होतं.

दहा वाजले. अकरा वाजले. तीन शीटं अजून कमीच.

"काका, उशीर होईल," स्नेहल हळूच म्हणाली.

"अगं, दीड तासाचं तर इमान. लगेच पोचतंय. आन् भरल्याबिगर कोन सोडतंय?"

साडेअकराला सुटलो, बोरगावात उतरलेल्या शीटांच्या जागी नवी भरायला पुन्हा अर्धा तास थांबलो. ओझरला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते आणि काउंटर बंद झाला होता.

"इमान तर हाय उभं. खाली शीटं असतील, इचारा की," बारकू गेटवरच्या शिपायाला म्हणाला.

"बाबा, ते रिकामं असलं तरी वेळेलाच सुटतं."

बारकू माझ्या पायरीवर बसला. स्नेहल त्याच्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, ते साडेपाचशे किलोमीटर दीड तासात जातं. आपल्याला पंच्याऐंशीला पाच तास लागले."

बारकूने मला थेट नाशिकला पिटाळलं आणि तिला संध्याकाळी साडेसहाच्या हैदराबादच्या बसमध्ये बसवलं. चौदा तासांचा रस्ता. पोचेल की नाही, कोणालाच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी साडेआठलाच खच्चून भरले, तरी बारकू हलेना. मोबाइल हातात धरून तो बॉनेटला टेकून उभा होता. माणसं कुरकुरली. नऊ वाजून गेले. मग फोन वाजला.

"काका, पोचले. नवाला पाच मिनिटं होती."

बारकूने बाहीने डोळे पुसले आणि चावी फिरवली.

मित्रांनो, माझं ऑइल बदला, टायरात हवा भरा, हे तर मी मागतेच. पण आदल्या दिवशी स्टँडवर माझ्यात तिच्याशिवाय आठ माणसं बसली होती. त्या पोरीची घालमेल सगळ्यांना दिसत होती, आणि एकानेही "बारकू, चल, निघ" म्हटलं नाही. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.